थिबाराजाचे रत्नागिरीतले घर

वाचकहो, जुन्या घरात पाऊल टाकले की आपण आधी काय करतो? खांबाला हात लावतो. नाशिकच्या सरकारवाड्यात जा, नाहीतर निफाड-येवल्याकडच्या एखाद्या पडक्या चौसोपी घरात जा, घरात मुरलेला शेतकरी आधी वर तुळईकडे बघतो, खांबावर थाप मारतो आणि म्हणतो, "साग आहे." मग तो घराला मान देतो. पेठ-सुरगाण्याच्या आणि डांगच्या जंगलांतून आलेल्या सागावर आपल्या भागातल्या कितीतरी पिढ्यांची छपरे उभी राहिली. साग म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

म्हणूनच एका सागवानी घराची हकिगत तुम्हाला सांगायची आहे. हे घर आपल्या जिल्ह्यातले नाही. कोकणात, रत्नागिरीला आहे. १९०६ ते १९१० या काळात ते बांधले गेले. लोक त्याला थिबा पॅलेस म्हणतात. रत्नागिरीला जाणारी मंडळी हापूसच्या पेट्या घेतात, समुद्र बघतात, वेळ उरला तर या वाड्यासमोर फोटो काढतात आणि परततात. पण हा वाडा कोणासाठी बांधला, का बांधला आणि त्यात राहिलेल्या माणसांचे पुढे काय झाले, हे कळले म्हणजे त्याच्या खिडक्या-दारांकडे बघण्याची नजरच बदलते.

गोष्ट सुरू होते ती सागाच्या ओंडक्यांपासून.

ब्रह्मदेश, म्हणजे आजचा म्यानमार, हा सागाचा देश. तिथली सागतोडीची रीत ऐकण्यासारखी आहे. ओला साग पाण्यावर तरंगत नाही, बुडतो. म्हणून झाड उभे असतानाच त्याच्या बुंध्याला सगळीकडून खोल खाच मारायची. झाड जागच्या जागी दोन-तीन वर्षे वाळत उभे राहते. मग ते पाडायचे, हत्तींकडून ओढत ओढ्याकाठी आणायचे आणि पावसाळ्यात पूर आला की सोडून द्यायचे. ओंडके वाहत मोठ्या नदीला लागतात, तिथे त्यांचे तराफे बांधतात आणि ते खाली बंदरापर्यंत जातात. वाटेत ठाण्यावर ओंडके मोजायचे आणि त्यावर राजाचा कर भरायचा. आता ओंडका मोजायचा म्हटले की मोजणारा आला, आणि मोजणारा आला की भांडण आले. आपल्याकडे ऊसतोडीच्या वेळी काट्यावर काय होते ते तुम्ही पाहिले आहेच.

या सागाच्या धंद्यात बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन नावाची इंग्रज व्यापाऱ्यांची कंपनी होती. ती १८६३ साली आपल्या मुंबईत स्थापन झालेली. ब्रह्मदेशच्या राजाकडून तिने जंगलांचा मक्ता घेतला होता. १८८५ साली राजाच्या दरबाराने ठरवले की कंपनीने नेलेले ओंडके आणि कागदावर दाखवलेले ओंडके यांचा मेळ बसत नाही, राजाचा कर बुडवला आहे. दरबाराने कंपनीला सुमारे २३ लाख रुपये दंड ठोठावला. कंपनी इंग्रज सरकारकडे धावली. सरकारला निमित्तच हवे होते, कारण राजा फ्रेंचांशी बोलणी करू लागला होता आणि शेजारच्या मुलखात फ्रेंच येऊन बसलेले इंग्रजांना परवडणार नव्हते. ऑक्टोबर १८८५ मध्ये राजाला निर्वाणीचा खलिता गेला. नोव्हेंबरमध्ये जनरल प्रेंडरगास्ट सुमारे दहा हजार फौज घेऊन बोटींतून इरावती नदीने वर निघाला आणि पंधरा दिवसांत राजधानी मंडाले त्याच्या हाती आली.

एवढेच ते युद्ध. ओंडक्यांच्या हिशेबाचे भांडण होते, त्यात अख्खे राज्य गेले. खरे कारण राजकारणाचे होते हे मान्य, पण जगाला दाखवायला पुढे केला तो सागच.

राजाचे नाव थिबा. जन्म १८५९ सालचा, म्हणजे राज्य गेले तेव्हा वय अवघे सव्वीस. गादीवर बसला १८७८ साली. तो फार चांगला राजा होता असे मी म्हणणार नाही. त्याच्या कारकिर्दीच्या सुरुवातीलाच, १८७९ साली, राजघराण्यातल्या कितीतरी भाऊबंदांची कत्तल झाली. त्याचा बोल बराचसा त्याच्या पट्टराणीला, सुपयालतला लावतात. राणी कडक आणि राजा मऊ, अशी त्या दोघांची ख्याती होती. ते काही असो, २९ नोव्हेंबर १८८५ ला इंग्रजांनी राजा, सुपयालत, धाकटी राणी सुपयागले आणि राजाच्या दोन चिमुकल्या मुली यांना राजवाड्यातून बाहेर काढले. जायला वाहन कोणते, तर बैलगाडी. ज्या राजापुढे लोक मान वर करून बघत नसत, त्याला बैलगाडीत बसवून नदीकाठी नेले आणि बोटीवर चढवले. रस्त्याच्या कडेला लोक रडत उभे होते.

राजाजवळ एक मोठे प्रसिद्ध माणिक होते. ते त्या गडबडीत सांभाळण्यासाठी म्हणून कर्नल स्लेडन या इंग्रज अधिकाऱ्याकडे दिले, असे राजाचे म्हणणे. ते माणिक पुन्हा त्याच्या हाती आले नाही. पुढे वर्षानुवर्षे राजा सरकारकडे अर्ज करत राहिला. उत्तरे येत गेली, माणिक आले नाही.

आधी त्यांना मद्रासला ठेवले. तिथे मार्च १८८६ मध्ये तिसरी मुलगी झाली. एप्रिल १८८६ मध्ये सगळ्यांना बोटीने रत्नागिरीला आणले. चौथी मुलगी झाली ती रत्नागिरीतच, १८८७ साली.

रत्नागिरीच का? त्या काळची रत्नागिरी डोळ्यांसमोर आणा. रेल्वे नाही. कोकण रेल्वे सगळी सुरू झाली ती १९९८ साली, म्हणजे अगदी काल-परवा. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, पश्चिमेला समुद्र. मुंबईहून यायचे तर बोटीने, आणि पावसाळ्यात बोटीही बंद. पदच्युत राजाला ठेवायला याहून सोयीची जागा सरकारला कुठे सापडणार? तुरुंगाच्या भिंती बांधण्याचा खर्चही वाचला.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. याच इंग्रजांनी १८५७ च्या उठावानंतर दिल्लीच्या बादशहाला, बहादूरशहा जफरला, कुठे पाठवले? ब्रह्मदेशात, रंगूनला. तो तिथेच १८६२ साली वारला. दिल्लीचा राजा रंगूनला आणि ब्रह्मदेशचा राजा रत्नागिरीला. माणूस आपल्या माणसांतून उचलून परक्या भाषेत नेऊन ठेवला की त्याच्यामागे कोणी उभे राहत नाही, हे सरकारला पक्के ठाऊक होते.

रत्नागिरीत राजाचे बिऱ्हाड आधी टेकडीवरच्या सरकारी बंगल्यांत होते. थोडेथोडके नाही, चोवीस वर्षे. कुटुंबाला सरकारकडून तनखा मिळे. पण राजाला हिशेबाची सवय नव्हती. नोकरचाकर पदरी भरपूर, सणावाराला देणेघेणे राजासारखे, आणि हातात पैसा टिकत नाही. मग पेटीतले एकेक रत्न बाहेर निघू लागले. गावातले सावकार आणि सराफ यांच्याकडे माणके गहाण पडली, विकली गेली, तीही पडत्या भावाने. कर्ज झाले. सरकारने मधे पडून तनख्यातून वळते करायला सुरुवात केली. वाचकहो, माणूस राजा असो की कुणबी, नड असलेल्याच्या हातातल्या मालाला भाव येत नाही.

राजाने मागणी लावून धरली की आम्हाला राहायला नीट घर द्या. बंगले जुने, जागा अपुरी, मुली मोठ्या झालेल्या. बरीच वर्षे कागद इकडून तिकडे फिरले आणि शेवटी सरकारने घर बांधायचे ठरवले. राजाचे म्हणणे नकाशात धरले गेले. घर उभे राहिले आणि नोव्हेंबर १९१० मध्ये राजाचे कुटुंब तिथे राहायला गेले.

आता आपण त्या घरात जाऊ या.

घर उंचावर आहे. समोर आवार मोठे, झाडे जुनी. पहिल्यांदा नजरेत भरतो तो रंग. कोकणातल्या जांभ्या दगडाचा आणि विटांचा तांबूस रंग, आणि वर उतरत्या कौलारू छपरांच्या एकापुढे एक टेकड्या. आपल्याकडे दगड म्हणजे काळा पाषाण. सुरुंग लावावा, छिन्नीने घडवावा, तेव्हा कुठे वाकेल. जांभा तसा नाही. जमिनीत असतो तेव्हा मऊ असतो, हत्याराने मोठ्या विटांसारखे चिरे कापून काढतात. वारा लागला, ऊन लागले की तो घट्ट होत जातो. म्हणून कोकणातला माणूस "दगड" न म्हणता "चिरा" म्हणतो. शंभर वर्षांहून अधिक काळ रत्नागिरीचा पाऊस अंगावर घेऊन हा वाडा उभा आहे. तिथला पाऊस म्हणजे आपल्या सिन्नर-येवल्याच्या पाच-सहा पावसाळ्यांचे पाणी एका पावसाळ्यात. तेव्हा छपराचा उतार एवढा का, पागोळ्या भिंतीपासून एवढ्या दूर का पडतात, व्हरांडे एवढे रुंद का, हे कोणाला विचारावे लागत नाही.

वाडा तीन मजली आहे. पुढे गाडी उभी राहील असे छत. वर अर्धगोल खिडक्या, आणि या खिडक्या हेच या घराचे खरे सौंदर्य. चौकट लाकडाची, कोरीव. वरच्या अर्धवर्तुळात रंगीत काचा. काचा इटलीच्या असे सांगतात. संध्याकाळी सूर्य समुद्राकडे उतरला की लाल-निळा उजेड आत जमिनीवर पडतो. एका मोठ्या दालनात संगमरवरी फरशी आहे. ते नाचगाण्याचे दालन होते म्हणतात. वाड्याच्या मागच्या बाजूला बुद्धाची मूर्ती आहे. राजाचे घराणे बौद्ध, त्यामुळे देवघर कुठल्या देवाचे हा प्रश्न नव्हता.

आणि लाकूड? ब्रह्मी साग. जिने, दारे, खिडक्या, कठडे. हात लावून बघा. ज्या सागाच्या मोजणीवरून राजाचे राज्य गेले, त्याच मुलखातला साग समुद्रावरून आणून त्याच्यासाठी घर बांधले. बांधणाऱ्या इंजिनियरच्या मनात असे काही नव्हते, हे उघड आहे. त्याला चांगले लाकूड हवे होते आणि तेव्हा चांगले लाकूड म्हणजे बर्मा साग. पण रोज सकाळी जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून खाली उतरताना राजाच्या मनात काय येत असेल?

मंडालेचा त्याचा मूळ राजवाडा सगळा सागाचाच होता. सोन्याचा मुलामा दिलेले खांब, कोरीव छपरे. थिबाच्या बापाने, मिंडोन राजाने, जुन्या राजधानीतला वाडा सोडवून त्याचे लाकूड मंडालेला नेले होते. आपल्याकडेही जुना वाडा उतरवून त्याच्या तुळया नव्या घराला लावतात, तसेच. लाकडाचे घर हलवता येते, ही त्याची मोठी सोय. बाप ज्या दालनात वारला ते दालन थिबाने राजवाड्यातून काढून बाहेर नेले आणि बौद्ध भिक्षूंना मठासाठी दिले. हे पुढे कसे उपयोगी पडले ते सांगतो, आधी रत्नागिरीचे पुरे करू.

राजवाडा म्हटले तरी तो कैदखानाच होता, ही गोष्ट विसरू नका. दारावर पोलीस. राजा ठरवून दिलेल्या हद्दीबाहेर परवानगीवाचून जाऊ शकत नसे. त्याच्यावर देखरेखीला सरकारी अधिकारी नेमलेला. कोण भेटायला येतो, पत्र कोणाचे येते, यावर लक्ष. राजा उंचावरून दुर्बिणीने समुद्रातली गलबते न्याहाळत बसे, अशी आठवण रत्नागिरीत सांगतात. हे घर त्याच्यासाठी बांधले, त्याच्या सूचनांप्रमाणे बांधले, पण त्याच्या मालकीचे ते एक दिवसही नव्हते. आपल्या भाषेत सांगायचे तर उताऱ्यावर नाव सरकारचे. राहणारा फक्त कब्जेदार, तोही सरकारच्या मर्जीने. ज्याला जमिनीचे कज्जे ठाऊक आहेत त्याला यातला धोका लगेच कळेल. पुढे झालेही तसेच.

जाता जाता एक गंमत सांगतो, गंमत म्हणावी का हा प्रश्नच आहे. लोकमान्य टिळकांचा जन्म १८५६ साली या रत्नागिरीतला. टिळक आळीतले त्यांचे कौलारू घर जपून ठेवले आहे. वाडा बघाल त्याच दिवशी तेही बघा. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि सरकारने त्यांना कुठे नेले? मंडालेला. थिबाच्या राजवाड्याभोवतीच्या कोटाला आता इंग्रजांनी लष्करी किल्ला केला होता, त्यातल्या तुरुंगात. मंडालेचा माणूस रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा माणूस मंडालेत! राजा नव्या घरात राहायला गेला तो १९१० चा हिवाळा, आणि त्याच हिवाळ्यात टिळकांनी तिकडे 'गीतारहस्य' लिहायला घेतले. टिळक १९१४ साली सुटून घरी आले. थिबा आला नाही.

त्या घरातल्या बायकांचे काय, हे आपल्या घरातल्या बायका आधी विचारतील. विचारायलाच हवे. धाकटी राणी सुपयागले १९१२ साली वारली. चार राजकन्या वाढल्या त्या रत्नागिरीतच. त्या मराठी उत्तम बोलत. पण लग्न कोणाशी करायचे? राजघराण्याच्या रीतीने नवरा राजघराण्यातलाच हवा, आणि राजघराणे तर उरलेच नव्हते. सरकार वरसंशोधन करी, राजाला स्थळ पसंत पडेना, वर्षे जात राहिली. ब्रह्मदेशात मुलगी वयात आली की कान टोचण्याचा मोठा सोहळा करतात. या मुलींचा तो सोहळा झाला १९१४ साली, याच वाड्यात. थोरली तेव्हा चौतिशीची होती.

त्या आधीच थोरलीच्या आयुष्यात एक गोष्ट घडली होती. दारावरचा एक नोकर, गोपाळ सावंत, याच्यावर तिचे मन बसले. तो संसारी माणूस होता. १९०६ साली तिला मुलगी झाली. तिचे नाव टुटू. घरात काय कल्लोळ झाला असेल याची कल्पना करा. पण राजाने पोरीला टाकले नाही. नात आजा-आजीच्या घरात, नव्या वाड्यात, रंगीत काचांच्या उजेडात वाढली. पाळतीवर ठेवलेल्या, चार भिंतींत अडकलेल्या बाईला नावे ठेवणे सोपे आहे. मला तरी ते जमत नाही.

डिसेंबर १९१६ मध्ये राजा वारला. वय सत्तावन. त्यातली एकतीस वर्षे कैदेत गेली होती. राणी सुपयालतने हट्ट धरला की नवऱ्याला मी इथे पुरू देणार नाही, त्याला त्याच्या मुलखात न्या. सरकारने नाही म्हटले, कारण राजाचा देह ब्रह्मदेशात पोहोचला तर लोक त्याभोवती गोळा होतील. राणी हटेना. शवपेटी वाड्याच्या आवारातच ठेवली गेली. एक नाही, दोन पावसाळे उलटले. शेवटी मार्च १९१९ मध्ये सरकारने राणीच्या मनाविरुद्ध राजाला आणि धाकट्या राणीला रत्नागिरीतच पुरले.

तोवर घरही विस्कटले होते. दुसऱ्या राजकन्येने १९१७ साली एका ब्रह्मी तरुणाशी लग्न केले, तेही आईच्या इच्छेविरुद्ध. आईने तिला पुन्हा जवळ केले नाही. १९१९ साली राणी, बाकीच्या मुली आणि नात टुटू बोटीने रंगूनला गेल्या. मंडालेला जायची परवानगी राणीला मिळाली नाही. ती १९२५ साली रंगूनमध्येच वारली. चौथी मुलगी मोठी धीट निघाली. आमचे राज्य आणि रत्ने परत द्या, असे तिने सरकारला लेखी विचारले. तिसरी आणि चौथी तिकडेच संसाराला लागल्या. थोरली मात्र फार काळ राहिली नाही. मुलीला घेऊन ती परत रत्नागिरीला आली. गोपाळ सावंतकडे.

आता वाडा सरकारचा. राजाच्या थोरल्या मुलीला त्यात पाऊल ठेवायचा हक्क उरला नव्हता. गावात एका साध्या घरात तिने दिवस काढले, हातचे पैसे संपत गेले आणि १९४७ साली, देश स्वतंत्र व्हायला दोन-अडीच महिने असताना, ती वारली. टुटूचे लग्न गावातच झाले. मुलेबाळे झाली, संसार ओढाताणीचा. टुटूने शेणाच्या गोवऱ्या थापून विकल्या, कागदाची फुले करून विकली आणि मुले वाढवली. तिला ब्रह्मी भाषा राहिली नव्हती. ती बोलायची आपल्यासारखी मराठी, नेसायची लुगडे. बाजारात तिच्याकडून गोवऱ्या घेणाऱ्यांतल्या काहींना ठाऊक होते आणि काहींना ठाऊक नव्हते की ही एका राजाची सख्खी नात आहे, आणि टेकडीवरच्या त्या वाड्यात तिचे लहानपण गेले आहे. नव्वदी ओलांडून २००० साली ती रत्नागिरीतच वारली.

मला या सगळ्या हकिगतीत टुटूचे फार वाटते. राजा, राणी यांनी काही केले असेल, त्याचे फळ भोगले असेल. टुटूने काय केले होते? पण तिच्याविषयी वाईट वाटून घेण्याचेही फारसे कारण नाही. तिने कोणाकडे हात पसरून आयुष्य काढले नाही. गोवरी थापली आणि पोरे वाढवली, हे आपल्या गावागावांतल्या आयाबायांनी केले तेच.

मंडालेचा मूळ राजवाडा आज नाही. दुसऱ्या महायुद्धात, मार्च १९४५ मध्ये, तो जळून खाक झाला. आज तिथे दिसतो तो पुन्हा उभारलेला. वाचले ते फक्त एक दालन, थिबाने बापाच्या मागे काढून भिक्षूंना दिले होते ते. राजाने जे दान दिले ते टिकले, जे स्वतःकडे ठेवले ते गेले. आणि दुसरे टिकले ते त्याच्या कैदेचे घर, आपल्या रत्नागिरीतले.

हे घर आज राज्य सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. तळमजल्यावर संग्रहालय आहे. जुन्या मूर्ती आहेत, राजाच्या वेळच्या काही वस्तू, चित्रे, फोटो आहेत. एवढ्या पावसाच्या मुलखात लाकडाचे घर राखायचे म्हणजे दरवर्षी कौले चाळावी लागतात, गळती शोधावी लागते, वाळवीवर डोळा ठेवावा लागतो. साग वाळवीला लवकर दाद देत नाही हे खरे, पण भिंतीत मुरणाऱ्या पाण्यापुढे सागाचेही फार दिवस चालत नाही. ज्यांच्या घरी माळवद किंवा कौल आहे त्यांनी एकदा वर मान करून छपराचे सांधे बघावेत. एवढे मोठे घर कसे झाकले आहे यातून शिकण्यासारखे आहे.

म्यानमारचे लोक मात्र या जागेला विसरलेले नाहीत. डिसेंबर २०१२ मध्ये त्यांचे अध्यक्ष थेन सेन स्वतः रत्नागिरीला आले आणि थिबाच्या समाधीपुढे नतमस्तक झाले. समाधी वाड्यात नाही, गावात शिवाजीनगर भागात आहे. बरेच प्रवासी वाडा बघून परत फिरतात आणि समाधी राहून जाते. तुम्ही तसे करू नका.

जायचे कसे, ते सांगतो. नाशिककडून पुणे, कोल्हापूर आणि मग आंबा घाट उतरून साखरपा, हातखंबा, रत्नागिरी, असा एसटीचा रस्ता आहे. कोल्हापूरपासून पुढे साधारण सव्वाशे-दीडशे किलोमीटर. आगगाडीने जायचे तर मुंबईकडे उतरून कोकण रेल्वे धरायची. रत्नागिरीचे स्टेशन गावापासून थोडे लांब आहे, रिक्षा मिळते. सुट्टीचा वार आधी विचारून जा, सरकारी संग्रहालय एक वार बंद असते. पावसाळ्यात वाडा सुंदर दिसतो, पण घाटात धुके आणि रस्त्यात पाणी. आपल्या द्राक्षांची छाटणी आटोपली की दिवाळीनंतर चार दिवस काढता येतात, तेव्हा जावे. वाडा दुपार कलल्यावर बघावा, म्हणजे रंगीत काचांचा उजेड आत सापडतो. तिथून थिबा पॉइंट जवळ आहे. तिथे उभे राहिले की खाली भाट्याची खाडी, पूल आणि पलीकडे समुद्र दिसतो. सूर्य बुडेपर्यंत थांबा. मुलांना बरोबर नेले असेल तर त्यांना दाखवा, थिबाचा देश त्या दिशेला नाही, पाठीमागे आहे, सह्याद्रीच्याही पलीकडे.